गोव्याच्या रिसॉर्टमधलं चायनीज-तिबेटी जेवण पैसे वसूल असतं का? मोमो म्हणजे शेवटी उकडीचे मोदकच ना?

तुमचा प्रश्न असा: जूनअखेरीस पुण्याहून दोघं गोव्याला जाणार, समुद्रकाठच्या मोठ्या रिसॉर्टमध्ये राहणार. तिथल्या चायनीज-तिबेटी रेस्टॉरंटमध्ये एक रात्र जेवावं का, आणि जेवायचं तर काय मागवावं? मिसेस शाकाहारी. शिवाय जाता जाता एक पिंक टाकलीत की मोमो म्हणजे उकडीचे मोदकच, त्याला आठशे रुपये कशाला.

मी लिहायला बसलोय ते या पिंकेमुळे. पुण्यातल्या एका हॉटेलच्या किचनमध्ये मी डिमसम, म्हणजे सारण भरून वाफवलेल्या चायनीज पदार्थांच्या, सेक्शनला असतो, आणि नेमकं हेच वाक्य माझी आत्या दर गणपतीत मोदकावर तुपाची धार सोडता सोडता मला ऐकवते. "गूळखोबरं काढलं आणि कोबी भरला, झाला तुझा मोमो."

नाही होत. तांदळाच्या पिठाला चिवटपणा नसतो, म्हणून आपण उकड काढतो. वाटीला वाटी पाणी खदखदवायचं, त्यात पीठ, वर झाकण, आणि गरम असतानाच तूप-पाण्याच्या हाताने मळायचं. पिठातला स्टार्च फुगून चिकट होतो आणि पारी त्या चिकटपणावर उभी राहते. मोमोचं बरोब्बर उलटं. अडीचशे ग्रॅम मैद्याला सव्वाशे मिलीच्या आतबाहेर गार पाणी, दहा मिनिटं दणकून मळणं, मग ओल्या फडक्याखाली अर्धा तास. इथे सगळं काम ग्लुटेनचं, म्हणजे गव्हातल्या चिवटपणाचं. उकळतं पाणी घातलंत तर ते मरतं आणि पारी ओढली जात नाही. एक लाटी दहा-बारा ग्रॅमची, लाटून आठेक सेंटीमीटर, मध्ये जाड आणि कडेला पातळ. कडा पातळ का, तर चुण्या वर गोळा होतात तिथे पिठाचे थर एकावर एक येतात. कडा जाड राहिली की शेंडा कच्चा लागतो. हातगाडीवरच्या मोमोचा शेंडा ताटलीत टाकून दिलेला दिसतो, तो यामुळेच.

सारणाचंही तेच. मोदकाचं सारण कोरडं हवं. मोमोचं ओलं हवं, इतकं की चावल्यावर रस निघाला पाहिजे. चिकनचा असेल तर मांडीचं मांस, त्याच्या निम्मा बारीक चिरलेला कांदा, आलं, लसूण, थोडी चरबी किंवा लोणी, आणि दोन-तीन चमचे गार स्टॉक एकाच दिशेने घोटून जिरवलेला. वाफ दहा-बारा मिनिटं. कोबीच्या मोमोला आधी मीठ लावून कोबी पिळून घ्यावा लागतो, नाहीतर तळ भिजून फाटतो. तळ फाटण्याचं दुसरं कारण म्हणजे फ्रीजरमधला मोमो बाहेर काढून मऊ होऊ दिला आणि मग वाफेवर ठेवला. तो गोठलेलाच वाफेवर जायला हवा. तेव्हा कडेला छोटा घास घ्या. रस आला तर कोणीतरी हाताने केलंय. आत सुटा, घट्ट गोळा खुळखुळत असेल तर ते पाकिटातलं आहे आणि त्याचे आठशे रुपये देऊ नका, इतकं तुमचं बरोबर.

आता आत्याची अर्धी बाजू. मोदकाचं सख्खं भावंड त्या मेनूत आहे, पण ते तिबेटी पानावर नाही, चायनीज पानावर आहे. हार गाव म्हणतात, दक्षिण चीनमधल्या कँटनकडचं, कोळंबी भरलेलं. काही ठिकाणी क्रिस्टल डम्पलिंग असं लिहितात. त्याची पारी गव्हाच्या स्टार्चची, म्हणजे ग्लुटेन धुऊन काढलेल्या पिठाची. शंभर ग्रॅमला पन्नासेक ग्रॅम टॅपिओका स्टार्च (साबुदाणा ज्या कंदाचा होतो त्याचा) आणि दीडशे मिली उकळतं पाणी. म्हणजे उकडच! पाणी जरा निवलेलं असेल तर पारी तडकते, मोदकाची कच्ची उकड तडकते तशीच. लाटणं चालत नाही, तेल लावलेल्या रुंद सुरीच्या पात्याने दाबून गोल करतात. वाफ फक्त पाच-सहा मिनिटं. जास्त झाली की पारी बांबूच्या टोपलीला चिकटते आणि उचलताना सारण खाली राहतं. नीट जमलेलं हार गाव अर्धपारदर्शक असतं, आतली कोळंबी गुलाबी दिसते. कोळंबी निम्मी ठेचलेली, निम्मी मोठ्या तुकड्यांत, आणि दाताखाली कटकन तुटणारी. हा कटकन आवाज बर्फातल्या कोळंबीलाही आणता येतो, थोडा खायचा सोडा लावून गार पाण्याखाली बराच वेळ धुतली की. म्हणून पावसाळ्यातही हे बिनधास्त मागवा.

मात्र ते गार झालं की संपलं. निवलेला मोदक निबर होतो तसंच. आणि इथेच समुद्रकाठचे लोक फसतात. समुद्र दिसावा म्हणून बाहेरचं टेबल घेतात, टोपलीचं झाकण उघडून फोटो काढतात, आणि वाऱ्याने तीन-चार मिनिटांत पारी वरून वाळते. शिवाय बाहेरचा डेक किचनपासून लांब असतो. वॉकमधून, म्हणजे चायनीज कढईतून, काढलेल्या पदार्थाला जो धुरकट वास असतो तो मला वाटतं निम्मा रस्त्यातच उडतो. जूनअखेरीस तर बाहेर बसायचा प्रश्न पावसानेच निकालात काढला असेल. आत, किचनच्या दाराजवळचं टेबल मागा. वेटरला नवल वाटेल, वाटू दे. आणि टोपल्या एकदम मागवू नका. एक संपली की दुसरी.

तिबेटी पानाबद्दल एक गोष्ट पक्की धरा. तो समुद्र न पाहिलेल्या लोकांचा स्वयंपाक आहे. ल्हासा साडेतीन हजार मीटरहून उंच, तिथे पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं. म्हणून भाजलेल्या जवाचं पीठ, त्सांपा, हे रोजचं अन्न, आपल्या सातूच्या पिठासारखं. मासे तिथे परंपरेने फारसे खातच नाहीत. एका याकवर घर कितीतरी दिवस जेवतं, माशांचे मात्र एका जेवणाला ढीगभर जीव जातात, असा हिशोब. तेव्हा तिबेटी पानावर 'प्रॉन मोमो' किंवा 'लॉबस्टर थुक्पा' दिसला की समजा, हा रिसॉर्टचा शोध. वाईट असेलच असं नाही. पण कोळंबी खायचीच तर हार गावमध्ये खा.

नावं फोडली की मेनू वाचता येतो. 'शा' म्हणजे मांस, म्हणून शाप्ता हे परतलेले मांसाचे काप, शाबाले ही तळलेली मांसाची पुरी. 'थुक' म्हणजे नूडल्सचा रस्सा. 'थेन' म्हणजे ओढणं. थेंथुकमध्ये मऊ कणकेची पट्टी हाताने ओढत ओढत अंगठ्याच्या पेराएवढे तुकडे थेट उकळत्या रश्श्यात टाकतात. आपल्या वरणफळांशी नातं सांगणारा प्रकार. पावसात त्या दोन पानांत यासारखं दुसरं काही नाही. ऑर्डर देताना एवढंच विचारा की तुकडे हाताने तोडता की हक्का नूडल्स घालता. उत्तर द्यायला वेटर आत जाऊन आला तर हरकत नाही. "सेमच असतं सर" म्हणाला तर सोडून द्या.

सोबत टिंगमो घ्या, यीस्ट घालून फुगवलेला, पदर सुटणारा वाफेवरचा पाव. दोघांत एक पुरतो. आणि सेपेन वेगळं मागा, ही त्यांची मिरची-लसणाची चटणी. मोमोसोबत शेजवान सॉस आणून ठेवला तर परत पाठवा. लोणीचहा एकच मागवा, तो खारट असतो आणि चहा समजून प्यायलात तर माझ्या नावाने शंख कराल.

चीनच्या सिचुआन प्रांताचं काही घ्यायचं तर मापो टोफू, म्हणजे तिखट रश्श्यातलं सोयाबीनचं पनीर. जिभेला मुंग्या आल्या पाहिजेत. त्या ज्या मिरीने येतात ती आपल्या तिरफळाच्याच कुळातली. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ घालणारा कोणीही ती ओळखेल, फक्त वास लिंबाकडे जास्त झुकतो. मुंग्या नाहीत, नुसतं तिखट आहे, तर आत लाल मिरचीची पेस्ट आहे, जी तुम्हाला कर्वेनगरलाही मिळते. मंचुरियन तिथे मागवू नका. १९७५ साली मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियात नेल्सन वँग यांनी काढलेला तो पदार्थ आहे, चीनशी त्याचा संबंध सोया सॉसपुरता, आणि तो पुण्यातच चांगला मिळतो.

वाफवलेला अख्खा मासा ही अशा जागेची खरी परीक्षा, पण तुम्ही चुकीच्या महिन्यात जाताय. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना बंदी असते. तरी विचारा. शेततळ्यातला जिताडा, गोव्यात ज्याला चोणक म्हणतात, ताजा असू शकतो. शिजवण्याआधी मासा टेबलावर आणून दाखवायला सांगा, डोळे वर आलेले आणि कल्ले लाल हवेत. वजन आणि एकूण किंमत तेव्हाच विचारा, कारण मेनूत नुसतं 'मार्केट रेट' लिहिलेलं असतं. सातशे ग्रॅमच्या माशाला जोरदार वाफेवर आठ-नऊ मिनिटं पुरतात. मग ताटलीत सुटलेलं पाणी फेकून द्यायचं, आल्याकांद्याच्या पातीवर कडकडीत तेल, बाजूने सोया. ते पाणी न फेकता सोया ओतला की मासा कितीही ताजा असो, वशाट वास येतो. बर्फातला मासा असेल तर हा पदार्थ नकोच.

मिसेससाठी: 'व्हेज' लिहिलं म्हणून भागत नाही. थेंथुकचा रस्सा चिकन स्टॉकचा असू शकतो, परतलेल्या भाज्यांत ऑयस्टर सॉस, म्हणजे कालवांचा, आणि मापो टोफूत खिमा हा मूळ कृतीतच आहे. तिन्ही वेगवेगळं विचारा. चीज-पालक मोमो सुचवतील, नाही म्हणा. मश्रूमचा घ्या, त्याला स्वतःचा रस असतो.

बिलाचं. जिथे खोलीचं भाडं साडेसात हजारांच्या वर, तिथल्या रेस्टॉरंटला १८ टक्के जीएसटी लागतो, एरवीसारखा ५ नाही. चार हजारांच्या जेवणावर ७२० रुपये कर. हा टाळता येत नाही. सर्व्हिस चार्ज मात्र सक्तीचा नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये तसं बजावलंय, दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरलंय. काढायला सांगा आणि वाटलं तर तेवढेच पैसे वेटरच्या हातात द्या.

जावं का, हे राहिलंच. एक रात्र जा, हार गाव आणि थेंथुकसाठी. आणि आत्या, तू हे वाचणारच आहेस. हार गाव मान्य. मोमो नाही.