साल आधी ठरव

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

बडोद्याच्या जुन्या शहरातल्या मांडवीच्या, म्हणजे मधल्या कमानदार मंडपाच्या, परिसराचा तू गेमसाठी केलेला आणि मला पाठवलेला नमुना मी दोनदा फिरून पाहिला. लहरीपुरा दरवाजा उत्तम उतरला आहे. पण त्याच्या बाहेर न्यायमंदिर ही कोर्टाची इमारत उभी आहे आणि तुझ्या गेमची कथा १८८५ सालची आहे. त्या इमारतीचे उद्घाटन १८९६ साली झाले. तेव्हा एक तर ती काढून टाक, नाही तर कथा पुढे ने, आणि हे नवी भिंत उभारण्याआधी ठरव.

‘असॅसिन्स क्रीड युनिटी’ या फ्रेंच राज्यक्रांतीवरील गेममध्ये पॅरिसच्या नोत्र दाम चर्चवर जो उंच कळस दिसतो, तो प्रत्यक्षात १८५९ साली पुरा झाला. ओळख पटावी म्हणून अशी सूट घेता येते. मात्र ती आपण घेतली आहे हे करणाऱ्याला ठाऊक असले पाहिजे.

इमारतींपेक्षा अवघड काम रंगांचे आहे. रावपुऱ्यातल्या तांबेकर वाड्यातील भित्तिचित्रांचे फोटो तू तसेच्या तसे टेक्स्चर म्हणून, म्हणजे भिंतींवर चढवायचे चित्र म्हणून, चिकटवले आहेस. भाऊ तांबेकर १८४९ ते १८५४ या काळात बडोद्याचे दिवाण होते आणि चित्रेही एकोणिसाव्या शतकातलीच आहेत. म्हणजे तुझ्या कथेतल्या माणसांनी ती आजच्याइतकी विटलेली पाहिलीच नसतील. पोपडे, ओल, पर्यटकांच्या हातांनी काळवंडलेला कोपरा, हे सारे पुसून महाभारतातले प्रसंग आणि कृष्णलीला ताज्या रंगांत पुन्हा रंगवाव्या लागतील. उलट लाकडी खांबांचा तुकतुकीतपणा राहू दे, कारण तो रोजच्या हाताळण्याने येतो आणि तेव्हाही असणार. (वाड्यातला फॅनचा हूक राहून गेला आहे, तोही काढ.)

रस्ता दाखवणारा तो पिवळा बाण मला अजिबात आवडला नाही. लहरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडीगेट या चारही दरवाजांचे रस्ते मांडवीपाशी मिळतात, तेव्हा प्रत्येक बाजूला तीन कमानी असलेली ती मांडवीच खेळणाऱ्याला दिशा सांगेल. बाकी गल्ल्या ठीक आहेत.

जिन्यांबद्दल पत्रात सांगणे कठीण आहे. रविवारी सकाळी टेप घेऊन आमच्या वाड्यात ये. माडीकडे जाणारा जिना इतका उभा आहे की वरच्या तुळईखाली मान वाकवावीच लागते, आणि तुझा कॅमेरा मात्र तिच्यातून आरपार जातो.

तुझा,
सर