भाड्याच्या घरात खिळा न ठोकता, रंग न देता घर आपलंसं कसं करायचं?

तुमच्या प्रश्नातून तीन गोष्टी कळतात. खिळे आणि रंग या दोन्हींना घरमालकाची मनाई आहे, करार वर्षभराचाच आहे, आणि वस्तू विकत आणण्यापेक्षा हातानं करायची तुमची तयारी आहे. शिवाय स्वयंपाकघर परकं वाटतं, असंही तुम्ही लिहिलं आहे. या अटींत बरंच काही होतं, फक्त क्रम महत्त्वाचा. बहुतेक जण भिंतीपासून सुरुवात करतात. मी उजेड आणि कापड आधी घेईन, कारण खोलीचं रूप सगळ्यात जास्त या दोन गोष्टींनी बदलतं आणि घर सोडताना दोन्ही तुमच्यासोबत येतात.

सामान लावण्याआधी रिकाम्या खोल्यांचे फोटो काढून ठेवा: प्रत्येक भिंत, दारांच्या चौकटी, ओट्याची कड, नळाखालची जागा. जुने डाग, टवके जवळून टिपा. घरमालकाचे काढलेले दिवे, पडद्यांचे दांडे, स्क्रू एका खोक्यात घालून वर खोलीचं नाव लिहा.

उजेडाचं काम लवकर आटोपतं. छताला एकच पांढरा दिवा असला की सावल्या चेहऱ्यावर पडतात आणि खोली प्रतीक्षालयासारखी वाटते. बसायच्या खोलीत 2700 ते 3000 केल्विनचे पिवळसर एलईडी दिवे घ्या, प्रत्येकी 400 ते 500 ल्युमेनचे (केल्विन हे उजेडाच्या छटेचं माप, आकडा वाढेल तसा उजेड पांढरा; ल्युमेन हे उजेड किती याचं माप). दोन-तीन दिवे वेगवेगळ्या कोपऱ्यांत, बसल्यावर डोळ्यांच्या पातळीला किंवा त्याखाली येतील असे ठेवा. स्वयंपाकाच्या ओट्यावर मात्र 4000 केल्विन बरा, चिरताना नीट दिसतं. कागदी शेड घरी करणार असाल तर दिवा एलईडीच हवा, कागद त्यापासून चारी बाजूंनी किमान पाच सेंटिमीटर लांब हवा आणि शेड वरून उघडी हवी. एलईडीही बुडाशी तापतो, कोंडला तर लवकर जातो.

आता पडदे. भोक न पाडता पडदा लावायचा तर खिडकीच्या खाचेत स्प्रिंगचा ताणदांडा बसवायचा. दांडा निवडताना तुमचं माप त्याच्या कमाल-किमान लांबीच्या मधोमध येईल असा घ्या. पूर्ण ताणलेला दांडा मध्ये झुकतो आणि आठवडाभरात पडतो. बसवताना तो खाचेपेक्षा एक-दोन सेंटिमीटर लांब करा आणि मग दाबून आत सरकवा. गुळगुळीत ऑइल पेंटवर टोकं घसरतात, तिथे दोन्हीकडे पातळ रबराची चकती घाला. भिंत जिप्समची असेल तर फार ताणू नका, खड्डा पडतो आणि तो घरमालकाला दिसतो.

कापडाचा हिशेब एका खिडकीवरून सांगतो. खाच 120 सेंटिमीटर रुंद, दांड्यापासून खालपर्यंत 130 सेंटिमीटर. पडद्याला चुण्या पडायच्या तर कापडाची रुंदी खिडकीच्या दुप्पट तरी हवी. 137 सेंटिमीटर पन्ह्याचे (म्हणजे कापडाच्या रुंदीचे) दोन पाट, म्हणजे दोन तुकडे, घेतले की 274 होतात. चारही उभ्या कडांना अडीच सेंटिमीटरची दुहेरी मुडप घातली की 20 जातात आणि 254 उरतात, म्हणजे दुपटीपेक्षा थोडं जास्तच. उंची अशी: तयार पडदा 129, म्हणजे खाली एक सेंटिमीटर मोकळा. वर दांड्यासाठी पाच सेंटिमीटरचा नेफा आणि एक सेंटिमीटर दुमड, हे झाले सहा. खाली आठ सेंटिमीटरची दुहेरी मुडप, म्हणजे 16. एकूण 151. सुती कापड पहिल्या धुण्यात साधारण तीन ते पाच टक्के आटतं, म्हणून प्रत्येक पाट 160 सेंटिमीटरचा धरा आणि सव्वातीन मीटर कापड आणा.

हे कापड बेतण्याआधी धुवा, वाळवा, इस्त्री करा. हे टाळलं तर पहिल्या धुण्यानंतर पडदा आखूड होतो आणि उसवल्याशिवाय इलाज राहत नाही. खालची आठ सेंटिमीटरची मुडप मुद्दाम मोठी ठेवली आहे. तिच्या वजनानं पडदा सरळ पडतो, आणि पुढच्या घरात खिडकी उंच निघाली तर ती सोडवून पडदा लांब करता येतो. शिलाई मशीन नसेल तर मुडपांना साधा धावदोरा चालतो. नेफ्याला मात्र उलटटीप (प्रत्येक टाका थोडा मागे घेऊन घातलेली पक्की शिवण) घाला, सगळा भार तिथेच येतो.

भिंतीचं काम सगळ्यात मोहाचं आणि सगळ्यात जोखमीचं. आधी भिंत ओळखा. गडद रंगाचं ओलं फडकं भिंतीवर जरा जोरात घासा. फडक्यावर पांढरी भुकटी किंवा रंग उतरला तर तो चुना आहे किंवा डिस्टेंपर. अशा भिंतीला काहीही चिकटवू नका, निघताना रंगाचा पापुद्रा सोबत येतो. फडकं स्वच्छ राहिलं तर प्लास्टिक पेंट किंवा ऑइल पेंट असण्याची शक्यता जास्त, आणि मग खळीनं कापड चिकटवता येतं. पाण्यानं सुटणारं असल्यामुळे भाड्याच्या घरासाठी हे फार सोयीचं काम आहे.

खळ अशी करा. 60 ग्रॅम कॉर्नफ्लोअर 120 मिलिलिटर थंड पाण्यात गुठळ्या मोडून कालवा. एक लिटर पाणी उकळायला ठेवा, उकळी आली की ढवळत ढवळत हे मिश्रण धारेनं सोडा. दोन-तीन मिनिटांत पांढुरका रंग जाऊन खळ अर्धपारदर्शक होते, मग उतरवा. कच्ची राहिली तर ती नुसती भुकटी होऊन वाळते, चिकटत नाही. कोमट असतानाच वापरायची, गार झाली की खरवसासारखी थिजते आणि ब्रशला गोळे येतात. दोन दिवसांत आंबते, तेव्हा लागेल तेवढीच करा.

कापड हलकं सुती घ्या, धुतलेलं. रंग जातो का हे आधी बघा: ओला कोपरा पांढऱ्या कापडावर दाबून धरा. डाग उतरला तर ते कापड भिंतीला लावू नका, कारण रंग खळीतून झिरपून भिंतीत जातो आणि मग कशानंही निघत नाही.

मोठ्या भिंतीला हात घालण्याआधी कपाटामागे एक वीतभर तुकडा लावा, तीन दिवस ठेवा, मग काढून बघा. ठीक वाटलं तर पुढे जा. भिंत पुसून कोरडी करा, वरच्या अर्ध्या भागावर खळ फिरवा, कापड वरून टेकवा. वर आणि खाली चार-पाच सेंटिमीटर जादा सोडा, वरची कड तात्पुरती मास्किंग टेपनं धरा. तळव्यानं मधून बाहेर सारत हवा काढा, मग कापडावरूनही खळीचा एक हात द्या. नंतर खालचा अर्धा भाग. कडा लगेच कापायचा मोह होतो, पण ओलं कापड ब्लेडबरोबर ओढलं जातं आणि धागे सुटतात. रात्रभर वाळू द्या, सकाळी नव्या ब्लेडनं पट्टी धरून कापा. काढताना कोमट पाण्याचा स्पंज फिरवायचा, पाच-दहा मिनिटं थांबायचं, वरच्या कोपऱ्यातून सावकाश सोलायचं आणि उरलेली खळ पुसून घ्यायची. ओल येणाऱ्या भिंतीला हा प्रकार अजिबात नको. खळ हे बुरशीचं खाद्य आहे, महिन्याभरात काळे ठिपके दिसायला लागतात.

भिंत भुकटीची निघाली तर कापड चौकटीवर ताणा आणि चौकट टेबलावर किंवा बुटक्या कपाटावर भिंतीला टेकवून ठेवा. 60 बाय 90 सेंटिमीटरच्या चौकटीला चारी बाजूंनी सात-सात सेंटिमीटर जास्त कापड घ्या. स्टेपल मारायला प्रत्येक बाजूच्या मध्यापासून सुरुवात करा: एक वर, समोरचा खाली, एक डावीकडे, समोरचा उजवीकडे, आणि असं करत कोपऱ्यांकडे जा. कोपऱ्यापासून सुरुवात केली की मध्ये लाट येते आणि ती नंतर निघत नाही.

फोटोंसाठी काढता येणाऱ्या चिकट पट्ट्या चांगल्या, पण त्याही न उतरणाऱ्या, गुळगुळीत रंगावरच. जागा स्पिरिटनं पुसा, वाळू द्या, पट्टी अर्धा मिनिट घट्ट दाबा आणि चौकट टांगायला तासभर थांबा. ताजा रंग असेल तर निदान आठवडाभर कळ काढा. पट्टी पडते ती बहुधा धुळीमुळे किंवा घाईमुळे. काढताना शेपूट भिंतीला समांतर, सरळ खाली, हळूहळू ओढायचं. स्वतःकडे ओढलं तर रंग उचलला जातो.

स्वयंपाकघर परकं वाटतं त्याचं मोठं कारण म्हणजे शेगडी आणि ओव्हन अनोळखी असतात. त्यांच्याशी एका संध्याकाळी ओळख करून घ्या. एकच भांडं, एक लिटर पाणी, झाकण ठेवून प्रत्येक बर्नरवर उकळायला किती मिनिटं लागतात ते लिहून ठेवा. ओव्हन किती खरा तापतो हे साखरेवरून कळतं. चमचाभर साखर ताटलीत घालून 175 अंशांवर तापलेल्या ओव्हनमध्ये पंधरा मिनिटं ठेवा, वितळायला नको. मग नवी साखर घेऊन 190 वर, इथे वितळायला हवी. 175 लाच वितळली तर ओव्हन जास्त तापतो, 190 लाही कोरडी राहिली तर कमी. त्या हिशेबानं आकडा खालीवर करा. हे माहीत झालं की आपल्या हातचे नेहमीचे पदार्थ बिघडत नाहीत, आणि मला विचाराल तर सजावटीपेक्षा यानं घर लवकर आपलं होतं.

ओट्यावर एक चांगली लाकडी फळी ठेवा आणि ती स्वतः तेल पाजून तयार करा. खाण्याचं तेल नको, ते खवट होतं. औषधांच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन घ्या. कोरड्या फळीला सगळीकडून चोळा, रात्रभर मुरू द्या, जास्तीचं पुसा, असं तीनदा. पुढे लाकूड फिकं, कोरडं दिसलं की पुन्हा एक हात. खिडकीत पुदिना लावा: वीतभर काडी पेराच्या खाली कापा, खालची पानं काढा, पाण्यात ठेवा, दर दोन दिवसांनी पाणी बदला. आठवड्या-दोन आठवड्यांत मुळं फुटली की कुंडीत हलवा. पानं पाण्यात बुडाली तर काडी कुजते.

ड्रॉवरमध्ये चिकट कागद लावू नका, जुन्या सनमायक्यावर त्याचा गोंद राहतो. मापाचा जाड कागद नुसता अंथरा. आधीच्या कुणी चिकटवलेला असेल तर तो सोलून, उरलेल्या गोंदावर खाण्याच्या तेलाचा बोळा दहा मिनिटं ठेवा, फडक्यानं घासा आणि साबणाच्या पाण्यानं धुवा. हा उपाय सनमायका, काच आणि स्टीलपुरताच, रंगवलेल्या भिंतीवर तेलाचा डाग कायमचा बसतो.