हिंजवडीतली आयटी नोकरी सोडून मोठ्या एनजीओत ऑपरेशन्स हेड म्हणून जायचा विचार आहे. तिथे नक्की निर्णय कोण घेतं?

तुम्ही लिहिलंय की डिलिव्हरी मॅनेजर आहात, पुण्यातल्याच एका मोठ्या संस्थेची ऑफर आलीये, त्यांच्याकडे ऑर्ग चार्ट मागितला तर एक पानी पीडीएफ आली आणि ती बघून काहीच उलगडा झाला नाही. होणारच नाही. कंपनीचा चार्ट बघूनही होत नाही खरं तर, फक्त तिथे आपण इतकी वर्षं काढलेली असतात की कोणाला सीसीत ठेवलं की काम हलतं हे अंगवळणी पडलेलं असतं.

मी आधी चाकणकडच्या एका ऑटो कंपनीत एचआरला होतो, आता एका बऱ्यापैकी मोठ्या संस्थेत प्रशासन बघतो. माझी पद्धत अशी की चार्ट बाजूला ठेवायचा आणि दोनच गोष्टी विचारायच्या, एक म्हणजे सगळ्यात वरच्या माणसाला घरी कोण पाठवू शकतं, आणि दुसरं म्हणजे पैसा कुठून आणि कुठल्या अटीवर येतो.

कंपनीत पहिल्या प्रश्नाचं उत्तर कायद्यात निदान कागदावर तरी आहे. एमडीची नेमणूक एका वेळी जास्तीत जास्त 5 वर्षांची, लिस्टेड कंपनीच्या बोर्डावर किमान एक तृतीयांश स्वतंत्र संचालक, तेही 5-5 वर्षांच्या सलग दोन टर्मपर्यंतच. खासगी बँकांच्या एमडी-सीईओला तर रिझर्व्ह बँकेनं 2021 मध्ये 15 वर्षांची मर्यादाच घातली. आता प्रत्यक्षात प्रमोटर, म्हणजे कंपनीचा मूळ मालक, घट्ट बसलेला असतो आणि स्वतंत्र संचालक बऱ्याचदा त्याच्याच ओळखीतले असतात हे आपल्याला माहितीये, चेअरमन आणि एमडी ही पदं वेगळी करायचा नियम सेबीनं आणला होता तोही 2022 मध्ये ऐच्छिक करून टाकला. तरी दर तिमाहीला आकडे जाहीर करावे लागतात आणि भाव पडला की प्रश्न विचारणारे असतात, एवढं बंधन तर असतंच.

तुमच्या डॉटेड लाइन (म्हणजे थेट बॉस नसलेल्यालाही रिपोर्ट करणं), व्हर्टिकल हेड, प्रॅक्टिस हेड वगैरे मॅट्रिक्सबद्दल मी काही सांगायची गरज नाही, ते तुम्ही रोज भोगताय.

संस्थेत काय होतं बघा. महाराष्ट्रात सोसायटी म्हणून 1860 च्या कायद्याखाली नोंदवलेली संस्था सहसा 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंदलेली असते, म्हणजे वर धर्मादाय आयुक्त. काही संस्था सेक्शन 8 कंपनी असतात, त्यांचं काम कंपनी कायद्यानं चालतं, पण नफा सभासदांना वाटता येत नाही. विश्वस्त किती, किती वर्षांसाठी, कसे निवडायचे हे सगळं त्या संस्थेच्या घटनेत किंवा ट्रस्ट डीडमध्ये, म्हणजे ट्रस्ट स्थापनेच्या दस्तात, असतं, आणि डीडमध्ये तहहयात विश्वस्त असं लिहिलेलं असेल तर विषय संपला, त्यांना काढायचा मार्ग म्हणजे कलम 41 ड खाली आयुक्तांकडे जाणं आणि ते काही चहा पिता पिता होणारं काम नाही. विश्वस्त बदलला की 90 दिवसांत आयुक्तांच्या कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची माहिती, द्यावा लागतो, त्यावर कोणी हरकत घेतली की तो वर्षानुवर्षं पडून राहतो आणि तोपर्यंत खरे विश्वस्त कोण यावरच भांडण. शेअरहोल्डर नाहीत, मतं देणारे ग्राहक नाहीत, आणि ज्यांच्यासाठी काम चालतं त्या वस्तीतल्या किंवा पाड्यावरच्या लोकांना तर बोर्डावर खुर्चीच नसते.

म्हणून संस्थापक असेपर्यंत सगळं संस्थापकावर. आपल्याकडे त्यांना कोणी सीईओ म्हणत नाही, ताई, दादा, सर असं काहीतरी असतं. तुम्ही ऑपरेशन्स हेड म्हणून बसाल आणि तिकडे वेल्ह्यातला फील्ड को-ऑर्डिनेटर सुट्टी मंजूर करून घ्यायला थेट ताईंना फोन करेल, आणि ताई देतीलही, कारण त्या पोराला त्यांनी दहावीपासून बघितलेलं असतं. तुम्हाला हे एस्कलेशन वाटेल, ऑफिसात मात्र कोणालाच त्यात काही वावगं वाटणार नाही. यात मला चूक-बरोबर फारसं दिसत नाही, कारण त्याच ओळखीच्या जोरावर तो पोरगा तुमच्या आयटीतल्या फ्रेशरपेक्षा कमी पगारात पावसाळ्यात चिखल तुडवत जातो. पण ताई गेल्यावर तो फोन कोणाला करायचा, हे कोणी ठरवलेलं नसतं.

ठरवता येतं पण. मणिभाई देसाईंनी 1967 मध्ये उरुळी कांचनला बाएफ ही ग्रामीण विकासाचं काम करणारी संस्था उभी केली, ते 1993 मध्ये गेले आणि संस्था आजही चालू आहे, वारज्यातून कितीतरी राज्यांत काम बघते. तशी उदाहरणं मोजकी आहेत.

आता पैशाकडे, कारण खरी गोम इथे आहे. कंपनीत कमावलेला पैसा कंपनीचा, तुम्ही एका अकाउंटचा नफा दुसऱ्या टीमच्या ट्रेनिंगवर लावू शकता. संस्थेत प्रत्येक रुपयावर नाव असतं. सीएसआरमधून आलेला पैसा, म्हणजे 500 कोटींची नेटवर्थ किंवा 1000 कोटींची उलाढाल किंवा 5 कोटींचा नफा असलेल्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के खर्च करावे लागतात तो, बहुतेक वेळा एकेका प्रोजेक्टला आणि वर्षाला बांधलेला असतो. त्यात प्रशासनावर 5 टक्केच खर्च करता येतो असा जो नियम आहे तो कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागासाठी आहे, पण बऱ्याच कंपन्यांचे सीएसआर मॅनेजर तोच आकडा संस्थेच्या तोंडावर मारतात आणि संस्था गप्प बसते. परदेशी पैशाचं तर 2020 पासून अजूनच आवळलंय, एफसीआरएत, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्यात, प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 वर आली, तो पैसा दुसऱ्या संस्थेला देता येत नाही आणि खातं दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेत.

याचा रचनेवर काय परिणाम होतो? तुमचा पगार म्हणजे ओव्हरहेड, कुठल्याच प्रोजेक्टच्या नावावर न पडणारा प्रशासकीय खर्च. अकाउंट्स, एचआर, तुम्ही, सगळे ओव्हरहेड. प्रोजेक्ट मॅनेजरचा पगार डोनरच्या बजेटमधून येतो, त्यामुळे चार्टवर तो तुमच्या हाताखाली असला तरी तो मनातून डोनरच्या प्रोग्राम ऑफिसरला रिपोर्ट करतो, आणि त्या ऑफिसरनं रिपोर्टचा फॉरमॅट बदलला की तुमची सगळी ऑपरेशन्सची सिस्टीम बाजूला ठेवून लोक त्याच्या एक्सेलमागे लागतात. ही डॉटेड लाइन कुठल्याच पीडीएफमध्ये नसते.

आणि संस्थेत कोणाचं चालणार हे भांडण पुण्याला नवीन नाही. डेक्कन एज्युकेशन सोसायटी 1884 ची, तिथे आजीव सदस्य 20 वर्षं सेवा करायची शपथ घ्यायचे, पगार 75 रुपये, आणि शिकवणारेच संस्था चालवणार अशी रचना, जी त्या काळी तर सोडाच आजही धाडसी वाटते. पण मग आजीव सदस्यानं बाहेरचं काम घ्यावं का, संस्थेच्या वेळात सार्वजनिक सभा या पुण्यातल्या राजकीय संस्थेचं चिटणीसपद करावं का, यावरून टिळक आणि गोखले-आगरकर यांच्यात जुंपली आणि 1890 मध्ये टिळकांनी राजीनामा दिला. (केसरी-मराठाचं काम टिळकही बघत होते म्हणा.) नियमात सगळं लिहून ठेवलं तरी त्याचा अर्थ कोण लावणार हा प्रश्न उरतोच, आणि इथे तर वर हुकूम द्यायला एमडी नव्हता, सगळे सारखेच.

कंपनी आणि धर्मादाय हे दोन वेगळे ग्रह आहेत असंही समजू नका. टाटा सन्सचा जवळपास 66 टक्के हिस्सा टाटा ट्रस्ट्सकडे आहे. 2016 मध्ये सायरस मिस्त्रींना चेअरमनपदावरून बोर्डानं दूर केलं तेव्हा ट्रस्टचा शब्द कंपनीत किती चालावा हाच मोठा वाद होता, आणि 2021 मध्ये सुप्रीम कोर्टानं टाटा सन्सच्या बाजूनं निकाल दिला. तिकडे विश्वस्तांच्या हातात अख्खा उद्योगसमूह, इकडे विश्वस्तांना ऑफिसच्या लाइट बिलासाठी डोनर शोधावा लागतो.

तर तुम्ही पुढच्या भेटीत ट्रस्ट डीडची कॉपी मागा, शेड्यूल वनवरच्या, म्हणजे धर्मादाय आयुक्तांकडच्या नोंदीतल्या, विश्वस्तांची नावं आणि आत्ता मीटिंगला बसणाऱ्यांची नावं जुळतात का ते बघा, मागच्या दोन-तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट बघा आणि कुठल्याही प्रोजेक्टला न बांधलेला पैसा किती आहे ते अकाउंटंटला विचारा, संचालकांना नाही. एक महिन्याचा पगार भागेल एवढा जरी नसेल तर तुमच्या पदाला अर्थ नाही, मग हेड म्हणा नाहीतर व्हाइस प्रेसिडेंट म्हणा. आणि तुमच्या जागी आधी कोण होतं, ते का गेले हे विचारा. पदच नवीन असेल तर ते कोणाच्या आग्रहावरून तयार झालं ते नक्की विचारा, कारण डोनरनं सांगितलं म्हणून घेतलेला ऑपरेशन्स हेड आणि ताईंना स्वतःला थोडं मागे सरकायचंय म्हणून घेतलेला ऑपरेशन्स हेड यांच्या नोकऱ्या वेगळ्या असतात, पहिली मी घेणार नाही.

पगाराचं तुम्ही विचारलंच नाही, पण आयटीच्या निम्म्यावर आलात तरी चांगली ऑफर समजा. नोटिस पीरियड तेवढा लिहून घ्या, आमच्याकडे बऱ्याच ठिकाणी तो कागदावर नसतोच.