लॉगबुकातले रिकामे रकाने

प्रिय डॉक्टर,

जी ऑपरेशने तू नुसती उभी राहून पाहिलीस ती लॉगबुकात, म्हणजे शिकाऊ सर्जनच्या ऑपरेशनांच्या नोंदवहीत, ‘साहाय्य केले’ म्हणून आणि ज्यांत साहाय्य केलेस ती ‘स्वतः केली’ म्हणून नोंदवावीत का, असे तू विचारले आहेस. सगळी तुकडी तसेच करते आहे, हेही कळवले आहेस. तू तसे करू नकोस.

तुझी अडचण मला ठाऊक आहे. 2019 साली तू एमएसला, म्हणजे शस्त्रक्रियेच्या पदव्युत्तर शिक्षणाला, आलीस, पहिले वर्ष ड्रेसिंग आणि केसपेपर यांत गेले, आणि हातात सुरी यायच्या वेळी मार्च 2020 उजाडला. हर्निया, हायड्रोसील, पित्ताशयातले खडे अशी ठरवून करायची ऑपरेशने थांबली. नेमकी हीच नवख्याचा हात बसवतात. ऑपरेशन थिएटरात माणसे कमीत कमी हवी होती, त्यामुळे रात्री आतड्याला छिद्र पडलेला रुग्ण आला तरी सुरी वरिष्ठांकडेच राहिली आणि तू कोविड वॉर्डात ऑक्सिजनचे आकडे लिहीत राहिलीस. पुढे नीट-पीजी ही पदव्युत्तर प्रवेशपरीक्षा एप्रिल 2021 वरून सप्टेंबरवर गेली, प्रवेशाचे समुपदेशन जानेवारी 2022 पर्यंत रखडले, आणि नवी तुकडीच न आल्याने तिसऱ्या वर्षीही कनिष्ठांची कामे तुझ्याच गळ्यात पडली. हा अन्याय आहे, मान्य. पण न केलेल्या हर्नियाची नोंद केल्याने तो दूर कसा होणार?

गेल्या वर्षी एका विद्यार्थ्याच्या अशाच लॉगबुकावर सही करायला मी नकार दिला. मला आडमुठा म्हटले गेले. मुलांनी जीव धोक्यात घालून काम केले त्याचे हेच फळ का, असे विचारणारा एक जुना मित्र अजून माझ्याशी बोलत नाही. त्या अबोल्याची खंत आहे, नकाराची नाही. त्या मुलाच्या कोविड वॉर्डातल्या कामाबद्दल मी हवे तेवढे कौतुक लिहून दिले असते, पण ते थायरॉइडच्या रकान्यात कसे लिहायचे?

बॉक्स ट्रेनरवर, म्हणजे दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या सरावपेटीवर, सराव करून कसर भरून काढीन, असे तू म्हणतेस. सराव जरूर कर, मात्र तिथे रक्तस्राव होत नाही हे विसरू नकोस. त्यापेक्षा बंधपत्राच्या, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेच्या, वर्षासाठी, निवडीला वाव मिळाला तर, असे जिल्हा रुग्णालय माग जिथे रोज हर्निया येतात आणि शेजारी उभा राहणारा जाणता सर्जन आहे. महागड्या यंत्रांच्या नादी लागू नकोस. पहिल्याच दिवशी त्या सर्जनसमोर खरे लॉगबुक ठेव आणि सांग, ‘सर, हे मी पाहिले आहे, केलेले नाही.’ खोटे लिहिलेस तर हे वाक्य तुला कधीच बोलता येणार नाही आणि ते तुला एकटीला टेबलाशी सोडून निघून जातील. रकाना रिकामा आहे तर रिकामा राहू दे, किती वेळा सांगू?

प्रबंधासाठी ठरवलेले रुग्ण मिळाले नसतील तर तेही लपवू नकोस: मिळाले तेवढे लिही, कारण लिही, आणि मसुदा या आठवड्यात माझ्याकडे पाठव.

तुझे सर