आधी बाटल्या, मग बॅगा

ऑक्टोबरपासून तुझं जर्मनीत श्टुटगार्टला मास्टर्स सुरू होतंय. ब्लॉक्ड अकाउंटमधून, म्हणजे व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवायच्या खात्यातून, महिन्याला 992 युरो हातात येणार, त्यातून भाडं गेल्यावर खाण्यापिण्याचं कसं बसवायचं, आणि आईने 23 किलोच्या दोन बॅगांपैकी एक अख्खी किराण्याने भरायला घेतलीये, तिला काय सांगू, असं तू विचारलंस. ताई म्हणून विचारलंयस, तर सविस्तरच सांगते. मला कोथरूड सोडून इकडे जर्मनीत येऊन 12 वर्षं झाली.

खाण्यात पैसे जातात असं सगळ्यांना वाटतं. माझे गेले ते पिण्यात. पहिल्याच आठवड्यात सुपरमार्केटमधून दीड लिटरच्या 6 बाटल्यांचा गठ्ठा उचलला. वर 'क्लासिक' लिहिलेलं, म्हटलं क्लासिक म्हणजे साधंच पाणी असणार. 9 किलोचं ओझं चार जिने चढवलं, चहाचं आधण ठेवायला पातेल्यात पाणी ओतलं, तर शेगडी पेटवायच्या आधीच बुडबुडे! सोडा निघाला. इकडे 'क्लासिक' म्हणजे भरपूर फसफसणारं, 'मीडियम' म्हणजे जरा कमी, आणि साधं हवं असेल तर 'श्टिल' शोधायचं. तो चहा मी मुकाट्याने प्यायले, कारण तेव्हा मी प्रत्येक युरोला ऐंशीने गुणत होते.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या आजींनी माझ्या दारातल्या बाटल्या पाहिल्या. मला हाताला धरून त्यांच्या स्वयंपाकघरात नेलं, नळाखाली ग्लास धरला आणि माझ्यासमोर गटागटा प्यायल्या. माझं जर्मन सर्टिफिकेटावर बरं होतं, प्रत्यक्षात यथातथाच. पण एवढं कळलं. तेव्हापासून पिण्याच्या पाण्यावर घरात एक सेंट खर्च केलेला नाही. नळाचं पाणी इथे सरळ प्यायचं. पाणी जड असेल त्या भागात किटलीत पांढरा थर धरतो, थोडं व्हिनेगर घालून उकळलं की निघतो.

आणि त्या रिकाम्या बाटल्या? मी कचऱ्यात टाकल्या. दर बाटलीमागे 25 सेंट अनामत असते, तिला 'फांट' म्हणतात, म्हणजे दीड युरो मी हाताने फेकला. पुण्यात रद्दीवाल्याच्या काट्यावर डोळा ठेवून उभी राहणारी मी! सुपरमार्केटच्या दाराशी मशीन असतं, त्यात बाटली सरकवायची, शेवटी चिठ्ठी येते, ती काउंटरवर दाखवली की बिलातून पैसे वजा. पेयांच्या पत्र्याच्या डब्यांनाही बहुतेक 25च, पुन्हा भरायच्या बाटल्यांना 8 किंवा 15. बाटली चेपू नकोस आणि लेबल फाडू नकोस, मशीन घेत नाही.

आता कॉफी. एफसी रोडला रोज बसता तसं इथे बसलीस तर साडेतीन युरोप्रमाणे 20 दिवसांचे 70 युरो होतात. एकटी होते तेव्हा तेवढ्यात माझं दोन आठवड्यांचं वाणसामान यायचं. फ्लास्क घे, घरून चहा ने. वर्गातले जर्मनही थर्मास घेऊनच येतात, इथे त्यात कुणाला काही वाटत नाही. हॉटेलात तांब्याभर पाणी आपोआप येत नाही हेही ध्यानात ठेव. पाणी म्हटलं की बाटली येते, आणि कधीकधी ती बिअरच्या भावाची असते.

बॅगेचं आईला असं सांग: तांदूळ, डाळी, साखर अजिबात नको. तूप, पेढे, खव्याचं काहीही तर नकोच. युरोपीय संघाबाहेरून प्रवाशाच्या सामानात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ चालत नाहीत, सापडले तर आजीने कढवलेलं तूप कस्टमवाले काढून घेतील आणि तू विमानतळावर रडशील. हापूसचाही मोह नको. भर द्यायचाच तर गोडा मसाला, हिंग, आमसुलं, मेतकूट, थालीपिठाची भाजणी आणि दोन किलो चहा पावडर. बाकरवडी आवडीपुरती.

तुपाची काळजी करू नकोस. इथे बिनमिठाचं लोणी 250 ग्रॅमच्या वड्यांत मिळतं. त्यातल्या 'झाउअरराम' लिहिलेल्या वड्या घे, त्या विरजण लावलेल्या सायीच्या असतात. मंद आचेवर कढवलं की वास थेट घरचा येतो आणि तळाशी बेरीही उरते. साखर घालून ती मी उभ्या उभ्याच खाते. 'क्वार्क' म्हणून जे मिळतं तो जवळजवळ चक्काच. फक्त 'मागर' म्हणजे बिनस्निग्ध घेऊ नकोस, 40 टक्केवालं घे; वेलदोडा, केशर, साखर, झालं पाडव्याचं श्रीखंड.

तूरडाळीचा हट्ट सोड. ती बहुधा इंडियन स्टोअरमध्येच मिळते आणि महाग पडते. मसूरडाळ कुठल्याही सुपरमार्केटमध्ये 'रोटं लिन्झेन' नावाने असते, पातेल्यात 15 मिनिटांत शिजते. गोडा मसाला आणि आमसूल घातलं की पाहुण्यांनाही मसूर आहे हे सांगावं लागतं. भातासाठी बासमतीच्या मागे लागू नकोस. 'मिल्शराइस' हा गोल, बुटका तांदूळ खिरीसाठी विकतात, पण त्याचा गुरगुट्या भात असा होतो की मेतकूट-तूप घातल्यावर जेवताना बोलायचं नाही. मिरच्या, कोथिंबीर, छोले, कांद्याची पोती तुर्की दुकानातून. कढीपत्ता महाग असतो, एकदाच आणून फ्रीजरमध्ये टाकायचा.

पोळ्यांबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. कणकेसाठी 'फोलकोर्न' म्हणजे कोंड्यासकट दळलेलं आणि 1050 नंबरचं पीठ निम्मं निम्मं घेतलं तर पोळी होते. 405 म्हणजे मैदाच. पण रोज पोळी लाटत बसलीस तर कंटाळून तिसऱ्या आठवड्यात पिझ्झा मागवशील. त्यापेक्षा बेकरीत 'फॉम फोरटाग' म्हणजे कालचा ब्रेड स्वस्त मिळतो का ते विचार. त्याची फोडणीची पोळी करायची, म्हणजे फोडणीचा ब्रेड. दुपारी मेन्झामध्ये, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या कँटीनमध्ये, गरम जेव, विद्यार्थ्यांना ते परवडतं.

दुकानात वस्तूची किंमत बघू नकोस, पाटीवर बारीक अक्षरात किलोचा भाव छापलेला असतो, तो बघ. स्वस्त माल बहुधा खालच्या फळीवर असतो. रविवारी दुकानं बंद, त्यामुळे शनिवारी संध्याकाळी जा. कमी मुदत उरलेल्या वस्तूंवर 30 टक्के सवलतीचे स्टिकर लागतात. शनिवार विसरलीस तर रविवारी बाहेरून मागवणं आलं.

निघायच्या आधी एक महिना घरी रात्रीचा स्वयंपाक तू कर, आईला बाहेर बसव. क्लासवरून दमून आल्यावर 40 मिनिटांत ताट वाढता आलं पाहिजे, बाकी सगळं इथे जमतं.

कुकर आण, पण स्टीलचा, तळाला इंडक्शन चालणारा. अ‍ॅल्युमिनियमचा साधा कुकर इंडक्शनवर तापतच नाही, आणि तुझ्या खोलीत कुठली शेगडी असेल ते आत्ता कळणार नाही. मिक्सर चालेल, वीज 230 व्होल्टच आहे, फक्त पिनसाठी अडॅप्टर लागेल. तुळशीबागेत जाशील तेव्हा कुकरच्या दोन जादा रिंगा आणि एक शिट्टी घे. माझी रिंग पहिल्याच जानेवारीत गेली. पुण्याहून पार्सल येईपर्यंत तीन आठवडे मी छोले पातेल्यात दीड-दीड तास उकळत बसले होते, आणि विजेचं बिल घरमालकिणीने मला वेगळं काढून दाखवलं.