नळयोजना ठेकेदाराला देण्याआधी

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

नळयोजना खासगी ठेकेदाराला चालवायला द्यायचा ठराव ग्रामसभेपुढे येतोय, असं कळवलंस आणि कराराचा मसुदाही पाठवलास. त्याआधी एका रात्रीत गळतीची मोजणी करून घे. दिवसा दवंडी दे: तोट्या बंद ठेवा, टिल्लू पंप लावू नका. बिनतोटीच्या नळांना बूच मारायला लाव. रात्री टाकी भरली की पंप बंद, गावाकडचा व्हॉल्व्ह उघडा. लाईन भरल्यावर टाकीतली पातळी दर तासाला खुणेने माप. 6 मीटर व्यासाच्या गोल टाकीत पातळी 10 सेंटीमीटर उतरली, म्हणजे साधारण 2,800 लिटर गळून गेलं. नंतर व्हॉल्व्ह बंद करून पुन्हा माप, म्हणजे टाकीच गळत असेल तर वेगळं कळेल.

हा आकडा नसताना केलेला करार टिकत नाही. शहाणा ठेकेदार अंधारातला धोका दरात चढवतो. घाईतला ठेकेदार कमी दर भरतो आणि सहा महिन्यांनी "जुनी लाईन तुमची, गळती तुमची" म्हणून हात झटकतो. लाईन कुठून गेली हे बहुधा फक्त वॉलमनला, म्हणजे पाणी सोडणाऱ्या माणसाला, तोंडपाठ असतं. त्याला सोबत घेऊन व्हॉल्व्ह, फेरूल (मुख्य लाईनवरून घराची जोडणी निघते ती जागा) आणि सांधे नकाशावर उतरव. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. सांधे त्यातच सुटतात.

नागपूरचा दाखला कुणीतरी देईलच. तिथे शहराचा पाणीपुरवठा खासगी कंपनीला चालवायला दिला, तो करार 2012 पासून 25 वर्षांचा. मालमत्ता महापालिकेचीच आहे, आणि खर्च वाटून घ्यायला लाखो जोडण्या आहेत. तुझ्याकडे समज 600 घरं. माणशी रोज 55 लिटरने पाच माणसांच्या घराला महिन्याला सव्वाआठ हजार लिटर लागतं. 10 एचपीचा पंप रोज 8 तास चालला तर कमीत कमी 60 युनिट, महिन्याला 1,800. त्यावर टीसीएल (पाणी शुद्ध करायची पावडर), वॉलमनचा पगार, मोटर जळाली तर वाइंडिंग. ठेकेदाराचा नफा याच्याही वर. महावितरणचं बिल दर महिन्याला येतं, पाणीपट्टी मात्र सोयाबीन-कापूस विकल्यावर. मधले महिने पैसा कोण घालणार आणि जुनी थकबाकी कुणाची, हे करारात लिही.

मीटर लावले की सगळं सुटतं असं समजू नकोस. दिवसाआड पाणी सोडलं की रिकाम्या लाईनमधली हवा आधी मीटर फिरवते आणि लोकांना हवेचं बिल जातं. उंचावर हवा बाहेर सोडणारा एअर व्हॉल्व्ह नसेल तर पहिल्याच महिन्यात भांडण.

आणि मे महिना! विहीर आटली तर टँकर कुणाच्या खर्चाने? खारपाणपट्ट्यातल्या, म्हणजे जमिनीखाली खारं पाणी असलेल्या, गावाला अनेक गावांच्या सामायिक प्रादेशिक योजनेचं पाणी येतं. वरूनच कमी सोडलं तर गावातल्या ठेकेदाराला दंड लावता येत नाही. म्हणून गावात एकूण किती पाणी आलं ते मोजणारा बल्क मीटर वेशीवर हवाच.

सांडपाण्याची भूमिगत गटार याच ठेक्यात घालू नकोस. गटारात गाळ बसू नये म्हणून प्रवाहाला सेकंदाला 0.6 मीटर वेग लागतो. माणशी 55 लिटरमध्ये तेवढं पाणी सुटतच नाही. गटार असलेल्या शहरांसाठी 135 लिटरचं माप धरतात, ते त्यासाठीच. गावात शौचालयांच्या टाक्या उपसणारी गाडी ठरवून दे आणि मैला कुठे रिकामा होणार ती जागा आधी नक्की कर, नाहीतर तो नाल्यात जाईल.

ठेकेदार मध्येच निघून गेला तरी पाणी देण्याची जबाबदारी ग्रामपंचायतीचीच राहते. किल्ल्या, मीटरच्या नोंदी आणि राखीव पंप किती दिवसांत परत द्यायचे, ते कलम मसुद्यात दिसत नाही. ते घालून मसुदा पुन्हा पाठव.