पर्यावरण कायदा ऑनलाइन शिकताना
‘स्वयम’ या सरकारी ऑनलाइन शिक्षण मंचावर पर्यावरण कायद्याचा कोर्स घेतलास, छान केलंस. पण नुसते व्हिडिओ बघत बसू नकोस. सुरुवातीला मी तेच केलं आणि हाती काही लागलं नाही. आधी सर्वोच्च न्यायालयाचा १९९६ चा वेल्लोर निकाल मुळातून वाच. तमिळनाडूतल्या चामड्याच्या कारखान्यांनी पालार नदी नासवली, त्या खटल्यातून ‘प्रदूषण करणाऱ्यानेच भरपाई द्यायची’ हे तत्त्व आपल्याकडे कसं पक्कं झालं ते कळेल. मग राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण (पर्यावरणाचे खटले चालवणारं खास न्यायालय) कायदा, २०१०. त्यातलं कलम १६ वहीत हाताने उतरवून घे: पर्यावरणाबाबतच्या सरकारी आदेशाविरुद्ध या न्यायाधिकरणात अपिलाला मुदत ३० दिवस, सबळ कारण दाखवलं तर जास्तीत जास्त आणखी ६०. पुढे दार बंद. खरी तक्रारसुद्धा तारखेपायी बुडते, म्हणून एवढं कळकळीने सांगतोय. न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाचे आदेश संकेतस्थळावर फुकट मिळतात. रोज एक वाच.